ससा स्टार्टर किट: साडेतीन हजारात सगळं मिळालं, फक्त गवत सोडून

आधीच सांगून टाकते, पाचपैकी दीड स्टार. आणि तो दीडसुद्धा किटमधल्या ब्रशला आहे, बाकीच्या सामानाला नाही. दुकानाचं किंवा कंपनीचं नाव घेत नाहीये, कारण अशी किटं सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच मिळतात, बॉक्सवरचा सशाचा फोटो तेवढा वेगळा.

झालं असं की २०२३ च्या डिसेंबरात लेकीचा दहावा वाढदिवस होता आणि तिला कुत्रा हवा होता. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, वन बीएचके, माणसं पाच, कुत्रा ठेवणार कुठे, तर आमचे मिस्टर म्हणाले ससा आणू, ससा काय गप बसतो एका कोपऱ्यात. (हे वाक्य मी त्यांना अजून दर आठवड्याला ऐकवते.) दुकानवाल्याने एक पांढरं-तपकिरी पिल्लू दोन्ही कान धरून उचललं, म्हणाला मेल आहे, दोन महिन्याचा, मिनी जातीचा, वाढत नाही, मेंटेनन्स झीरो. नऊशे रुपये. आणि सोबत हे स्टार्टर किट घ्या, ३४५० ला, ए टू झेड सगळं आलं यात. आम्ही पण शहाणे, ससा नऊशेला आणि त्याचं सामान साडेतीन हजाराला, तरी एक प्रश्न विचारला नाही.

मेल म्हणून लेकीने नाव ठेवलं बंड्या. दीड वर्षाने डॉक्टरांनी उलटं करून बघितलं तर फिमेल. तोवर नाव इतकं रुळलं होतं की बदलायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे आमच्या घरात बंड्या रुसली, बंड्याने वायर खाल्ली, बंड्या कुठे गेली असंच चालतं, पाहुण्यांना दोन मिनिटं काही कळत नाही. त्याच डॉक्टरांना पहिल्या दिवशीचा फोटो दाखवला तर म्हणाले हे जेमतेम पाच-सहा आठवड्यांचं दिसतंय, एवढ्यात आईपासून तोडायला नको होतं. आणि मिनीचं म्हणाल तर आज वजन पावणेदोन किलो.

आता किटमध्ये काय काय होतं ते. पिंजरा, दोन फूट बाय दीड फूट, खाली तारेची जाळी आणि जाळीखाली ट्रे. आयडिया अशी की लेंड्या जाळीतून खाली पडतील आणि पिंजरा साफ राहील. राहतो पण साफ, ते खरंय. पण सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात, आणि सतत तारेवर बसून ते केस झिजतात आणि खालची कातडी सोलवटते. बंड्याच्या मागच्या पायांना चार महिन्यांत लालसर चट्टे आले होते आणि मला वाटलं ते जन्मापासूनच असतील. पाण्याची बाटली होती, तिच्या नळीतली गोळी दर दोन दिवसांनी अडकायची, ससा चाटत बसायचा आणि पाणी येतच नसायचं. शेवटी सासूबाईंनी एक जड स्टीलची वाटी ठेवली पाण्याची, त्या दिवशी बंड्या मान खाली घालून इतका वेळ पाणी पीत होती की आम्हालाच लाज वाटली. लाकडाचा भुसा होता, झणझणीत वासाचा, तो खाली अंथरायचा म्हणे. देवदार-पाइनसारख्या लाकडाच्या त्या वासाने सशांना त्रास होतो हे नंतर कळलं, तेव्हा आम्हाला वाटायचं वा काय फ्रेश वास येतोय. एक गुलाबी हार्नेस होता फिरायला न्यायला. सशाला हार्नेस घालून बघा एकदा. मागचे पाय एवढ्या जोरात झाडते की मला वाटलं हिची कंबर जाते का काय, आणि ते वाटणं चुकीचं नव्हतं, सशाची हाडं नाजूक असतात आणि मागच्या पायांत ताकद भयंकर, स्वतःच्याच लाथेने मणका मोडल्याच्या केसेस होतात. मिठाची एक वडी होती, ती तशीच पडून आहे.

आणि खाणं. दोन किलोची पिशवी, आत रंगीबेरंगी मिक्स, हिरव्या-लाल-पिवळ्या गोळ्या, मका, सूर्यफुलाच्या बिया, वाळवलेल्या गाजराचे तुकडे. दिसायला एकदम दिवाळीच्या फराळासारखं. पिशवीवर लिहिलेलं कम्प्लीट फूड, म्हणून आम्ही दीड वर्ष तेच कम्प्लीट देत राहिलो, वरून कोथिंबीर आणि गाजर. बंड्या त्यातला मका आणि बिया वेचून खायची आणि बाकीच्या गोळ्या वाटीत ठेवायची, शेवातले शेंगदाणे वेचून खाणारी माणसं असतात ना, तशी.

मग आला २०२५ चा मे. त्या रात्रीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण दुकानात कुणी हे सांगत नाही.

सकाळी ऑफिसला जाताना कोथिंबीर ठेवली होती. संध्याकाळी सात वाजता आले तर ती तशीच, सुकलेली. बंड्या कोपऱ्यात गोळा होऊन बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, दात कराकरा चावत होती. मला वाटलं उकाड्याने पडलीय. लेक म्हणाली आई, आज ट्रेमध्ये लेंडीच नाहीये. खरंच नव्हती, एक पण नाही, आणि ज्यांच्या घरी ससा आहे त्यांना माहितीये की सशाच्या ट्रेमध्ये लेंडी नसणं म्हणजे मुंबईत जुलैत पाऊस नसणं. शेजारच्या काकांनी नातवाचं उरलेलं अँटिबायोटिकचं सिरप आणून दिलं, थोडं पाजा म्हणाले, लहान मुलांना चालतं तर सशाला का नाही. नशीब मी दिलं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले अमॉक्सिसिलीन वगैरे पेनिसिलीनवालं औषध सशाला तोंडातून दिलं तर पोटातले चांगले जंतू मरतात आणि त्यात ससा पण जातो.

फोन लावायला सुरुवात केली साडेआठला. पहिले म्हणाले आम्ही फक्त कुत्रा-मांजर बघतो. दुसरे म्हणाले उद्या सकाळी बघू. तिसऱ्यांनी उचललाच नाही. चौथ्यांनी एका डॉक्टरांचा नंबर दिला जे पक्षी, कासव, ससे असे प्राणी बघतात, मुंबईच्या वेस्टर्न उपनगरात, त्यांनी फोनवर एकच विचारलं, शेवटचं कधी खाल्लं? मी म्हटलं बहुतेक सकाळपासून नाही. ते म्हणाले आत्ता निघा, बारा तास उपाशी ससा म्हणजे इमर्जन्सी. भाजीच्या टोपलीत टॉवेल, वर ओढणी बांधली आणि रिक्षाने जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) निघालो, मेट्रोच्या कामाने तो रस्ता रात्री पण काय असतो ते सांगायला नको, प्रत्येक खड्ड्याला मी टोपली पोटाशी धरून.

डॉक्टरांनी वजन घेतलं, एक किलो ४२० ग्रॅम. ताप बघितला, ३७.६ डिग्री सेल्सियस. मी म्हटलं चला ताप तरी नाही. ते म्हणाले ताई, सशाचं नॉर्मलच ३८.५ ते ४० असतं, ही गार पडत चाललीय. पोट चाचपलं, मग कान बघायची ती दुर्बीण असते ना, ती तोंडात घालून दाढा बघितल्या आणि मला पण बघायला लावलं. खालच्या दाढेला आतल्या बाजूने काट्यासारखं टोक आलं होतं आणि जिभेच्या कडेला बारीक जखम. मग विचारलं, गवत किती खाते?

मी म्हटलं गवत? कुठलं गवत?

त्यांनी पेन खाली ठेवलं. सशाचे दात मरेपर्यंत वाढत असतात, सगळेच, पुढचे पण आणि दाढा पण, आणि ते झिजायचे तर दिवसभर गवत रवंथ केल्यासारखं आडवं चघळायला लागतं. गोळ्या दोन चाव्यांत संपतात, त्यात दाढा घासल्या जात नाहीत. दुसरं म्हणजे आतडं. त्यात सतत चोथा सरकत राहिला पाहिजे, नाहीतर ते थांबतं, गॅस धरतो, दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून अजून थांबतं. उलटी करून पोट मोकळं करायची सोय सशाला देवाने दिलेलीच नाही. त्यांच्या हिशोबाने सशाच्या खाण्यातलं ८० टक्के सुकं गवत असलं पाहिजे. आणि आमच्या ए टू झेड किटमध्ये गवताची एक काडी नव्हती.

कातडीखाली कोमट सलाईन दिलं, दुखायचं थांबायचं इंजेक्शन दिलं, आणि एक हिरवट पावडर दिली, ती पाण्यात पातळ कालवून सिरिंजने गालाच्या बाजूने थोडी थोडी भरवायची, दर तीन तासांनी. रात्री एक वाजता घरी. मिस्टर टॉवेलात गुंडाळून धरायचे, मी भरवायचे, अर्धं तिच्या पोटात अर्धं माझ्या गाऊनवर. पहाटे पाच चाळीसला लेक ओरडली, आली! एक लेंडी, वाटाण्याएवढी पण नाही, काळी, वेडीवाकडी. सासूबाई देवापाशी दिवा लावायला उठल्याच होत्या, त्यांनी तिथूनच हात जोडले. तो एक दाणा आमच्या मिस्टरांनी टिश्यूवर घेऊन फोटो काढला आणि डॉक्टरांना व्हॉट्सअॅप केला, त्यांनी अंगठा पाठवला. आठवड्याने भूल देऊन दाढेची टोकं घासली. त्या महिन्यात सगळं मिळून साडेनऊ हजार गेले, म्हणजे किटच्या किमतीच्या जवळपास तिप्पट.

तर आता खरा रिव्ह्यू गवताचा. पहिल्यांदा ऑनलाइन मागवलं तेव्हा पिशवीवर टिमोथी हे असं लिहिलेलं. सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, टिमोथी हे काय? मी म्हटलं इंग्रजीत हे म्हणजे गवत. त्या म्हणाल्या हे म्हणजे गवत ते ठीक, पण टिमोथी कोण? मी शोधलं, तर खरंच माणूस होता, टिमोथी हॅन्सन नावाचा शेतकरी, अठराव्या शतकात अमेरिकेत त्याने या गवताचा प्रसार केला म्हणून त्याचं नाव पडलं. थंड हवेतलं गवत आहे, त्यामुळे आपल्याकडे बहुतेक बाहेरून येतं आणि म्हणून महाग. मला किलोला सहाशेच्या आसपास पडतं, पाच किलो एकदम घेतलं तर थोडं कमी. एका सशाला, सांडलवंड धरून, किलो आठ-दहा दिवस जातं. चांगल्या मालाची ओळख म्हणजे हिरवट रंग, लांब काड्या आणि पिशवी उघडल्यावर चहाच्या पत्तीसारखा गोडसर वास. एकदा एका ठिकाणाहून आलेलं पिवळं आणि अर्धी पिशवी धूळ, मिस्टर दोन दिवस शिंकत होते, बंड्याने वास घेऊन पाठ फिरवली.

मधे स्वस्तात पडेल म्हणून आरेतल्या एका तबेल्यातून पेंढा आणला होता, दहा किलो जवळपास फुकट. डॉक्टर हसले. पेंढा म्हणजे दाणा काढून घेतल्यावर उरलेली काडी, चोथा आहे पण कस नाही, खाली अंथरायला ठीक. ओटचं सुकं गवत इथलंच मिळतं, ते चालतं आणि टिमोथीपेक्षा स्वस्त, आता मी दोन्ही मिसळून देते. अल्फाल्फा नावाचं पण मिळतं, ते सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना, मोठ्यांना त्यात कॅल्शियम फार होतं. आणि एक गंमत, आपल्या दूर्वा म्हणजे ज्याला बाहेर बर्म्युडा ग्रास म्हणतात तेच, बंड्याला त्या भयंकर आवडतात. दादरच्या फुलबाजारातून आणते, मीठ-पाण्यात नाही, नुसत्या पाण्यात चार वेळा धुऊन. पण श्रावण सुरू झाला की जुडीचा भाव असा चढतो की तेव्हा बाप्पाला एकवीसच आणि बंड्याला टिमोथी.

मुंबईत गवत घेणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर जपायचं. पहिल्या पावसाळ्यात मी पिशवी किचनच्या खिडकीखाली ठेवली आणि पंधरा दिवसांत त्याला ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला, आत पांढरट जाळं. तीन किलो कचऱ्यात. बुरशीचं गवत झटकून, उन्हात टाकून वगैरे द्यायचं नाही, सरळ फेकायचं. आता जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून कपाटावर ठेवते, पावसात पाच किलो मागवत नाही, एक-एक किलोच.

लेंडीचं पण गवतानेच सुटलं. रुंद प्लास्टिकच्या टबात खाली वर्तमानपत्र, वर गवत, आणि टबाच्या एका टोकाला गवताची टोपली टांगलेली. ससा खाता खाताच करतो, त्यामुळे टबात बसून खाते आणि टबातच करते, बाहेर क्वचित. एक सांगून ठेवते, पहाटे कधी बंड्या खाली वाकून स्वतःच्या मऊ चकचकीत लेंड्या खाताना दिसली तर किंचाळायचं नाही (मी किंचाळले होते), त्या वेगळ्या असतात, द्राक्षाच्या घडासारख्या, आणि त्यातून तिला व्हिटॅमिन मिळतात.

बाकीचं पटापट. त्या मिक्सऐवजी साध्या एका रंगाच्या टिमोथीच्या गोळ्या, रोज दोन चमचे. कोथिंबीर, पुदिना, मेथी, मुळ्याचा पाला, आमच्या भाजीवाल्या मावशी मुळ्याचा पाला फुकटच देतात. पालक कधीतरी. गाजर म्हणजे मिठाई, आठवड्यातून दोन चकत्या. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट अजिबात नाही. पिंजऱ्याऐवजी कुत्र्याच्या पिल्लांचं घडीचं कुंपण, दिवसा हॉलमध्ये चार फूट बाय चार फूट, रात्री सगळा हॉल तिचा. गुळगुळीत लादीवर पाय घसरतात म्हणून जुनी सतरंजी. वायफायची वायर दोनदा कुरतडली, आता सगळ्या वायरींना प्लास्टिकच्या नळ्या. कुकरची शिट्टी झाली की मागचा पाय धाडकन आपटते, खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायला आल्या होत्या की रात्री तुमच्याकडे खलबत्ता कोण कुटतं.

उकाड्याचं मात्र पटापट नाही सांगता येत. सासरे संगमेश्वरचे, ते म्हणतात गावाला ससे उघड्या माळावर राहतात आणि तुमच्या सशाला एसी. पण गावचा ससा वेगळा प्राणी, तो रानातला, पाळायला बंदी असलेला, आणि आपण घरात पाळतो तो मूळ युरोपातला, जमिनीखाली बीळ खणून गारव्यात राहणारा. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांतून बाहेर जाते. २८-३० डिग्रीच्या वर गेलं की त्रास सुरू, आणि आपला मे आणि ऑक्टोबर सगळा त्याच्या वर. आम्ही पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून तिच्या शेजारी ठेवतो, ती त्याला टेकून पसरते. एक ओली लादी. कानांना ओला हात. आंघोळ नाही, सशाला आंघोळ घालायचीच नसते, घाबरून जीव जाऊ शकतो. दुपारी बारा ते चार बेडरूममध्ये एसीत, सासूबाईंसोबत, दोघी झोपतात.

फिमेल आहे कळल्यावर डॉक्टर ऑपरेशनचं बोलले, कारण वय वाढलं की न केलेल्या माद्यांना गर्भाशयाचा कॅन्सर फार मोठ्या प्रमाणावर होतो. ऑगस्टमध्ये केलं, साडेसहा हजार. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का विचारलं, तर म्हणाले उलट येताना गवत घेऊन या, सशाला ऑपरेशनच्या आधी पण उपाशी ठेवत नाहीत.

तर हिशोब असा की गवताला महिन्याला अठराशे-दोन हजार, भाजी तीन-चारशे, गोळ्या अडीचशे, आणि ससा नीट सांभाळला तर आठ ते दहा वर्षं जगतो. मेंटेनन्स झीरो. दुकानवाल्याला सांगायला गेले होते एकदा, तो म्हणाला गवत ठेवत नाही मॅडम, जागा खूप खातं आणि मागत कुणी नाही. नवीन किट घेणाऱ्यांनी मागा मग. किट घेऊच नका खरं तर, त्याच पैशात कुंपण, टब, दोन वाट्या आणि दोन किलो गवत येतं, आणि ससा घ्यायच्या आधी ससे बघणारा डॉक्टर आपल्या घरापासून किती लांब आहे ते शोधा.

ब्रश खरंच चांगला आहे. केस गळतीच्या दिवसांत रोज फिरवते, नाहीतर तेच केस चाटून पोटात जातात. गुलाबी हार्नेस नवा कोरा पडून आहे, मांजरवाल्या कुणाला हवा असेल तर विक्रोळी स्टेशनला येऊन घेऊन जा, पाण्याची बाटली आणि मिठाची वडी फ्री. पिंजरा मागू नका, त्यात सासूबाईंनी कांदे ठेवलेत, हवा खेळती राहते म्हणतात.